मधली सुट्टी, बसची मागची सीट आणि वर्गाचा ग्रुप : मुलाला कुणी सतत छळत असेल तर नेमकं काय करायचं?

तळमजला
जूनच्या मध्यावर शाळा उघडते, तुकड्या फुटतात, बाकं बदलतात. जुलै सरता सरता पालक-शिक्षक संघाकडे त्याच त्या तक्रारी यायला लागतात. डबा रोज रिकामा येतो, पण मूल घरी आल्यावर हावरटासारखं खातं. महिन्याभरात तिसरी पाण्याची बाटली हरवते. पोट सोमवार ते शुक्रवारच दुखतं. शाळेतून आल्या आल्या दप्तरही न काढता मूल बाथरूमकडे धावतं, कारण शाळेतल्या स्वच्छतागृहात जायची हिंमत होत नाही. हे शेवटचं लक्षण सगळ्यात जास्त नजरेतून सुटतं.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. दोन पोरं बॅटसाठी भांडली, हे भांडण. नॉर्वेत काम करणारे मानसशास्त्रज्ञ दान ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत छळाच्या तीन खुणा आहेत : मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि दोन बाजूंची ताकद असमान. ताकद म्हणजे फक्त दंड नव्हेत. टोळकं, वय, पैसा, फाडफाड इंग्रजी, वर्गातलं वजन, सगळं त्यात आलं.

या चर्चापीठावर अनुभवकथनाचे धागे ढिगाने आहेत. इथे कृपया कृती लिहा : मूल सांगतं त्या संध्याकाळपासून पुढे काय, कुठल्या क्रमाने, आणि कुठे फसतं.

बोरकूट
शालेय समुपदेशन हे काम असल्याने पहिल्या संध्याकाळबद्दल लिहिते.

समोर बसवून 'काय झालं ते सांग' म्हटलं की मूल मिटतं. बोलणं निघतं ते शेजारी शेजारी असताना : बसमध्ये, मटार सोलताना, दिवा बंद केल्यावर. प्रश्न माणसांबद्दल नको, जागेबद्दल विचारा. साधारण असं :

"मधल्या सुट्टीत कुठे बसता रे?"
"जिन्यात."
"वर्गात का नाही?"
"असंच."
"जिन्यात अजून कोण असतं?"
"कोणी नाही... सहावीतली मुलं येतात."
"आली की काय करतात?"

इथे थांबायचं. गप्प राहायचं. पुढचं वाक्य मुलाचं असू द्या, भले मिनिटभर लागो.

तीन वाक्यं तोंडून जाऊ देऊ नका. 'तू काय केलंस म्हणून त्यांनी असं केलं?' यात निकाल आधीच लागलेला आहे. 'दुर्लक्ष कर.' ते करून थकल्यावरच मूल सांगायला आलेलं असतं. आणि 'उद्या येतेच शाळेत, बघते एकेकाकडे.' हे ऐकलं की पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही, कारण त्याच्या डोक्यात परवाचा दिवस असतो.

'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका, ते मोडावं लागणार आहे. त्याऐवजी म्हणा, 'तुला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणार नाही.' हे पाळता येतं.

दुसऱ्या दिवशी कागदावर शाळेचा नकाशा काढून घ्या. गेट, जिने, नळ, स्वच्छतागृह, मैदान, बस उभी राहते ती जागा. जिथे नको वाटतं तिथे मुलाने लाल खूण करायची. बोलता न येणारं मूलही खूण करतं. मुंबईत एकाच इमारतीत सकाळ-दुपार अशा दोन पाळ्या भरणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. सकाळची सुटते आणि दुपारची भरते त्या पंधरा-वीस मिनिटांत लहान-मोठी सगळी मुलं एकाच जिन्यावर असतात आणि शिक्षक स्टाफरूममध्ये. लाल खुणा बहुतेक तिथे पडतात.

गिरगावकर
एवढं नकाशे काढण्यापेक्षा एक ठेवून द्यायला शिकवा. एकदा पडली की पुन्हा वाटेला जात नाहीत. सगळं हल्ली फार नाजूक झालंय.

निवृत्त_फळा
गिरगावकर, हा सल्ला का फसतो ते शिक्षकाच्या खुर्चीतून सांगतो. शिक्षकाला पहिली टपली कधीच दिसत नाही. ती पाठीमागे, शिताफीने मारलेली असते. दिसतो तो दुसरा फटका, कारण तो रागाने, आवाज करून दिलेला असतो. मग प्रगतिपुस्तकावर शेरा कुणाच्या जातो? आणि एकदा हात उचलला की पालकांची तक्रार 'छळ' राहत नाही, 'दोघांची मारामारी' होते. शाळेला तेच सोयीचं असतं, दोघांनाही समज देऊन फाइल मिटते.

शिवाय समोर एकटा कधी असतो? तिघे-चौघे असतात. त्यातून कंपासपेटी उघडली जाते, आणि मग गोष्ट दवाखान्यात जाते.

कराटे जरूर लावा, चाल आणि आवाज सुधारतो. कुणी धरलं तर सुटायचं, ओरडायचं आणि माणसं असतील तिकडे पळायचं, एवढं मुलाला येऊ द्या. पण दादागिरीवरचा उतारा म्हणून कराटे नको.

बोरकूट
+१. हात नाही, मग काय? तर छोटं, सपाट वाक्य. 'नको. ते माझं आहे.' 'मला हे आवडत नाही, थांब.' आणि निघून जायचं, शक्यतो मोठ्या माणसाच्या दिशेने. सपाट एवढ्यासाठी, की छळणाऱ्याला हवी असते प्रतिक्रिया : रडू, चिडणं, तोतरेपणा. लांबलचक टोमणा परत मारायला गेलं की जीभ अडखळते आणि खेळ रंगतो.

हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून घ्यावं लागतं. रोज पाच मिनिटं, आठवडाभर. पाय किंचित फाकवून उभं राहायचं, नजर समोरच्याच्या कपाळावर (डोळ्यांत बघणं घाबरलेल्या मुलाला जमत नाही, कपाळ जमतं). आईने किंवा मामाने छळणाऱ्याची भूमिका करायची, पण टोपणनाव खरं वापरायचं नाही, ते जखमेवर लागतं.

ही युक्ती चिडवण्यावर चालते. मारहाण, पैसे उकळणं किंवा सगळ्या वर्गाने वाळीत टाकणं यावर चालत नाही, आणि तिथे ती मुलाच्या गळ्यात मारणं अन्याय आहे. तिथे काम मोठ्यांचं.

दुसरी बाजू बघ्यांची. कॅनडात शाळेच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बघणाऱ्या मुलांपैकी कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, छळ दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! फिनलंडचा कीवा हा शालेय कार्यक्रमही मुख्यतः बघ्या मुलांवरच बेतलेला आहे. म्हणून आपल्या मुलाच्या एक-दोन मित्रांना हाताशी धरा. त्यांनी भांडायचं नाही. फक्त येऊन म्हणायचं, 'चल रे, बाई बोलावतायत.' एवढ्याने पेच सुटतो आणि मित्रालाही धोका राहत नाही.

आणि घरात 'चुगली' हा शब्द काही दिवस बंद ठेवा. दुसऱ्याला अडचणीत आणायला सांगितलं तर ती चुगली. कुणाला अडचणीतून काढायला सांगितलं तर ते सांगणं. आठ वर्षांच्या मुलाला हा फरक नीट कळतो.

तळमजला
शाळेत तक्रार कशी न्यायची यावर निवृत्त_फळा यांनी सविस्तर लिहावं ही विनंती. तोंडी तक्रारींचं काय होतं ते सगळे जाणतात.

निवृत्त_फळा
तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, शिक्षक वाईट असतात म्हणून नव्हे. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, सुटायच्या वेळी गेटवर पकडून सांगितलेलं, दुसऱ्या दिवशी चाचणी. म्हणून नोंदवही. साधी दोनशे पानी चालेल. नोंद अशी :

'मंगळवार, १५ जुलै. मधली सुट्टी, १०.४०. दुसरा जिना, पहिल्या मजल्याचं वळण. तिघे (सहावी ब). डबा घेतला, पोळीभाजी खाली टाकली, "भिकारी" म्हणाले. बघणारे : दोन वर्गमित्र. शर्टाचं दुसरं बटण तुटलं, फोटो काढला. मुलाने कुणाला सांगितलं : नाही.'

एवढंच. 'नेहमीच त्रास देतात' हे वाक्य नोंद नव्हे. 'आठ दिवसांत चार वेळा, चारही वेळा त्याच वळणावर' ही नोंद, आणि ती वाचल्यावर मुख्याध्यापकाला करण्यासारखं काहीतरी दिसतं : त्या वळणावर दहा मिनिटं एक माणूस उभा करणं.

चार-पाच नोंदी झाल्या की अर्ज (मारहाण किंवा अंगाला हात लावणं असेल तर एकाच नोंदीवर, त्याच दिवशी). पहिला वर्गशिक्षिकेला, भेटीची वेळ घेऊन. दोन-तीन शालेय दिवसांत हालचाल नाही, तर पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापक. अर्ज दोन प्रतींत द्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यायचा. कार्यालयात 'ठेवून जा, साहेबांना देतो' म्हणतील. प्रत शिक्क्याशिवाय सोडायची नाही. फारच टाळाटाळ झाली तर तोच मजकूर ईमेलने आणि स्पीड पोस्टाने.

अर्जात शिक्षा मागू नका. 'त्याला शाळेतून काढा' लिहिलं की शाळा बचावात जाते. आणि शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला काढून टाकताही येत नाही. मागायचं ते असं : जिन्यावर मधल्या सुट्टीत देखरेख, बाक बदल, मुलाने कुठल्या शिक्षकाकडे कधीही जावं त्यांचं नाव, आणि पंधरा दिवसांनी आढावा बैठक. तारखेसह. तारीख नसलेला उपाय होत नाही.

त्या कोपऱ्यात सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा की अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं. बहुतेक यंत्रांत साठवण भरली की जुन्यावर नवं चढतं, आणि अर्ज फिरेपर्यंत चित्रण गेलेलं असतं. इतर मुलं दिसतात म्हणून शाळा प्रत देणार नाही, ते बरोबरही आहे. पण जपण्याची आणि पाहण्याची मागणी करता येते.

शाळेत तक्रारपेटी असायला हवी आणि २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे सखी सावित्री समितीही (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची). समितीत कोण आहे ते मुख्याध्यापकांना विचारा. फलकावर नावं नसतील तर अर्जात तोही एक मुद्दा घाला. त्याच्या वर मुंबईत खासगी शाळांच्या माध्यमिक वर्गांसाठी शिक्षण निरीक्षक (दक्षिण, पश्चिम, उत्तर असे विभाग), आणि महापालिकेच्या शाळांसाठी पालिकेचे शिक्षणाधिकारी.

शाळांनाही एक सांगणं. दोघांना एकाच खोलीत उभं करून 'हात मिळवा, सॉरी म्हण' हे बंद करा. भांडणात ते चालतं. छळात कमजोर मुलाला पुन्हा त्याच माणसासमोर उभं करून बोलायला लावणं होतं, आणि गेटबाहेर त्याचा हिशेब होतो. वेगवेगळं बोला, आधी छळलेल्याशी, मग बघ्यांशी, शेवटी छळणाऱ्यांशी. टोळकं असेल तर एकेकाशी, सलग, मध्ये त्यांची गाठ पडू न देता.

मटकीची_उसळ
वाचनखूण साठवली. नोंदीचा नमुना छापून पालकसभेत वाटणार आहे.

चौथी_सीट
बसबद्दल कुणी बोललं नाही. महाराष्ट्रात स्कूलबसचे नियम २०११ पासून आहेत. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी, तीत पालक प्रतिनिधी असतो. बसमध्ये परिचर हवा, मुली असतील तर महिला परिचर. बसमधला त्रास वर्गशिक्षिकेकडे नेऊन उपयोग नाही, 'ते कंत्राटदाराचं' म्हणतील. थेट परिवहन समितीकडे अर्ज.

मागणी दोन ओळींची : लहान मुलं पुढे, मोठी मागे, जागा ठरवून दिलेल्या, आणि परिचराने मधोमध बसायचं. ताई ड्रायव्हरशेजारी बसून फोन बघत असतील, तर मागच्या तीन रांगा म्हणजे मोकळं रान. जागा ठरवून दिल्या की निम्मा त्रास आपोआप संपतो, कारण आधी चढून जागा अडवणं हीच सुरुवात असते.

क्लासला लोकलने जाणाऱ्या मोठ्या मुलांसाठी : ठरलेला डबा, ठरलेले दोघे-तिघे सोबती, आणि १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक सेव्ह केलेला. आणि पैसे उकळण्याचं लक्षात ठेवा. सुरुवात 'वडापाव खिलव'ने होते. मूल जास्त खाऊचे पैसे मागायला लागतं. पैसे वाढवू नका, आणि ओरडूही नका. विचारा, किती जणांचा वडापाव होता.

दोन_टिका
आता फोन. शाळा सुटल्यावर पूर्वी दरवाजा बंद व्हायचा. आता वर्गाचा ग्रुप रात्री अकराला सुरू होतो.

क्रम पाठ करा : आधी पुरावा, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. लोक उलटं करतात. आधी ब्लॉक केलं की काही ॲप्सवर समोरच्याचं प्रोफाइल किंवा चॅट दिसेनासं होतं, आणि मग पोलिसांना दाखवायला उरतं काय?

पुरावा म्हणजे कापलेला स्क्रीनशॉट नव्हे. स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा, फोनची तारीख-वेळ दाखवा, ॲप उघडा, चॅट वरपासून खालपर्यंत सरकवा, मग त्या खात्याचं प्रोफाइल उघडून यूजरनेम दाखवा. दिसणारं नाव कुणीही बदलतं, 'किंग ०७' उद्या 'क्वीन' होईल. म्हणून प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवायची. व्हॉट्सॲप असेल तर ग्रुप इन्फोमध्ये जाऊन नंबर दिसेल असं. मग एक प्रत दुसऱ्या उपकरणात. मूळ चॅट पुसायची नाही, फोन रिसेट करायचा नाही.

स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की पाठवणाऱ्याला कळतं. व्हॉट्सॲपचा एकदाच दिसणारा फोटो स्क्रीनशॉट घेऊच देत नाही. अशा वेळी दुसऱ्या फोनने पहिल्या फोनचा फोटो काढा. गावठी आहे, पण चालतं. (अपवाद खाली, तो आधी वाचा.)

सेटिंग्ज :
व्हॉट्सॲप – सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स. 'एव्हरीवन' बदलून 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. 'तुला काढलं, घातलं, काढलं' हा खेळ याने बराच बंद होतो. वाईट ग्रुपमधून बाहेर पडलं तर आता फक्त ॲडमिनना सूचना जाते, सगळ्यांना नाही, म्हणून लाज वाटायचं कारण नाही.

इन्स्टाग्राम – 'रिस्ट्रिक्ट' हे बटण मुलांना माहीतच नसतं. त्या व्यक्तीच्या कमेंट फक्त तिलाच दिसतात, मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात, आपण ऑनलाइन आहोत की वाचलंय हे तिला कळत नाही. ब्लॉक केल्यावर शाळेत 'ब्लॉक करतोस काय?' म्हणून नवी मारामारी होते. रिस्ट्रिक्टमध्ये समोरचा ओरडत बसतो आणि ऐकायला कुणी नसतं. 'हिडन वर्ड्स'मध्ये (नको त्या शब्दांचे मेसेज आणि कमेंट लपवणारी सोय) मुलाची टोपणनावं मराठीत आणि रोमन लिपीत, सगळ्या स्पेलिंगांसकट टाका.

शाळेच्या नावाने निघणारी निनावी 'कन्फेशन' पानं : तिथे उत्तर देऊ नका, सफाई देऊ नका. प्रत्येक कमेंटने ती पोस्ट वर येते. पान आणि पोस्ट दोन्ही रिपोर्ट करा, वेगवेगळ्या खात्यांवरून.

आणि तो अपवाद. अल्पवयीन मुलाचा किंवा मुलीचा नग्न फोटो असेल, खरा असो वा एआयने बनवलेला, तर तो पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका. मुख्याध्यापकांना नाही, वकिलाला नाही, नवऱ्यालाही नाही. दुसऱ्या फोनने फोटो काढू नका. तो पाठवणं हाच गुन्हा आहे. जिथे आलाय तिथेच राहू द्या, पाठवणाऱ्याचं खातं, वेळ आणि लिंक लिहून घ्या आणि पोलिसांकडे फोन घेऊन जा.

पसरणं थांबवायला 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची. फोटो अपलोड होत नाही. फोनमध्येच त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यांच्याकडे तोच फोटो आला तर पकडला जातो. मर्यादा दोन : फोटो कापला-बदलला तर ठसा जुळेलच असं नाही, आणि व्हॉट्सॲपसारख्या बंदिस्त गप्पांत याचा हात पोचत नाही.

धमकी देऊन पैसे मागत असतील तर एक रुपयाही नाही. दिला की दर वाढतो. दिला गेलाच असेल तर लगेच सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक १९३०, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

शेवटचं, आणि यावर भांडायला तयार आहे : तक्रार घेऊन आलेल्या मुलाचा फोन काढून घेऊ नका. मुलं सांगत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच. छळलं दुसऱ्याने आणि फोन गेला याचा!

गिरगावकर
फोनच द्यायला नको, हे कुणी म्हणायचं नाही का?

दोन_टिका
म्हणा की. पण गृहपाठ, क्लासचं वेळापत्रक आणि 'उद्या पांढरा युनिफॉर्म' हे सगळं त्याच ग्रुपवर येतं. फोन बंद केलेलं मूल एकटं पडतं आणि छळणाऱ्यांचा हेतू आपणच पुरा करतो. रात्री दहानंतर फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सगळ्यांचे, आईवडिलांचेही. एवढं पुरे.

वकिलीणबाई
कायद्याचं थोडक्यात, कारण इथे गैरसमज फार.

सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा नाही. सात ते बारामध्ये, त्याला परिणाम कळण्याइतकी समज होती का ते बघतात. अठराखालचं प्रत्येक मूल बाल न्याय कायदा, २०१५ खाली येतं. त्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अतिगंभीर गुन्हा नसेल आणि सोबत प्रौढ नसेल तर एफआयआर होत नाही. पोलिस ठाणे दैनंदिनीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल होतो. त्यामुळे 'एफआयआर घेत नाहीत' म्हणून ठाण्यात आरडाओरडा करण्याआधी बाल कल्याण पोलिस अधिकारी कोण आहेत ते विचारा. प्रत्येक ठाण्यात एक नेमलेले असतात.

लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर गोष्ट वेगळी. चड्डी ओढणं, नको तिथे हात लावणं, त्याचं शूटिंग, याला 'मुलांची गंमत' म्हणून मिटवता येत नाही. पॉक्सो (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा) कायदा, २०१२ मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. कलम १९ प्रमाणे कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेनेही. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे मागा, ठाण्यातल्या बाकड्यावर बसवू देऊ नका.

ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर. महिला व बालकांच्या विभागात नाव न देताही करता येते. पण निनावी तक्रारीचा पाठपुरावा करता येत नाही, म्हणून शक्य असेल तर नावाने करा.

आता इशारा. संतापाच्या भरात पालक समोरच्या मुलाचा फोटो-नाव सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. प्रकरण चौकशीत असेल तर त्या मुलाचीही ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गेटवर दुसऱ्याच्या मुलाची कॉलर धरली तर तुम्ही प्रौढ आहात, तुमच्यावर एफआयआर होतो. खटला उलटा फिरतो तो असा.

अकरावी-बारावी, वसतिगृह, कोचिंग क्लास : इथे महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा, १९९९ आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

जातीवरून अपमान, शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना 'फुकटातले' म्हणणं, अपंगत्वावरून नकला : अर्जात नेमके शब्द अवतरणात लिहा, सौम्य करू नका. ॲट्रॉसिटी कायदा आणि अपंग हक्क कायदा, २०१६ हे दोन्ही शब्दांवर उभे राहतात.

आणि छळणारा शिक्षकच असेल तर शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी.

गोळी_नको
बालरोगतज्ज्ञ म्हणून पुरवणी. सोमवारचं पोटदुखणं बहुतेक वेळा खरं असतं, सोंग नसतं. ताणाने आतडी खरोखर आवळतात. 'नाटक करतोस' म्हटलं की दुखणं आणि एकटेपणा दोन्ही वाढतात. एकदा तपासून घ्या. पण ताप, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, वजन घटणं किंवा शौचातून रक्त असेल तर शाळेवर ढकलू नका, तो आजार समजून तपासा.

तातडीची लक्षणं : आवडत्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसलो तर बरं' असं बोलणं, उन्हाळ्यातही लांब बाह्या, अचानक आलेली विचित्र शांतता. तेव्हा सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट मुलाला सुटल्यासारखं होतं. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, घरातली सगळी औषधं कुलपात, आणि त्याच दिवशी डॉक्टर. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी, १४४१६, चोवीस तास, मराठीतही. बालकांसाठीचा मदत क्रमांक १०९८, मूल स्वतःही लावू शकतं. हे दोन आकडे दप्तराच्या आतल्या कप्प्यात लिहून चिकटवा. फोन काढून घेतलेला असला तरी दप्तर जवळ असतं.

मटकीची_उसळ
आणि आपलंच मूल छळणारं निघालं तर? हा फोन आला की लोक आधी भांडतात.

बोरकूट
शाळेतून फोन आला की फक्त दोन प्रश्न : 'नेमकं काय, कधी?' आणि 'आम्ही घरून काय करू?' बाजू मांडायला नंतर वेळ आहे. घरी बदडू नका. मोठ्याने लहानाला मारून काम होतं हेच ते शिकलेलं आहे, त्याची उजळणी नको. डबा फेकला तर पुढचे दोन आठवडे त्या मुलाच्या भाजीपोळीइतके पैसे खाऊतून वळते. पुस्तक फाडलं तर नवं, स्वतः कव्हर घालून. माफी कागदावर, शिक्षकांच्या हातून, समोरच्या मुलाला हवी असेल तरच.

आणि त्याच्या डोक्यावर कोण बसलंय तेही पाहा. पुष्कळदा जिन्यातला दादा क्लासमध्ये किंवा घरी मार खाणारा असतो.

चौथी_सीट
तुकडी बदलून घ्यावी की शाळाच?

निवृत्त_फळा
शाळा सगळ्यात शेवटी. वर्षाच्या मध्यात दाखला काढला की नव्या शाळेत मूल 'मध्येच आलेलं' म्हणून पुन्हा डोळ्यावर येतं. तुकडी बदलायचीच तर आधी विचारा, कुणाची? नेहमी छळलेल्या मुलालाच हलवतात, कारण त्याचे पालक समोर बसलेले असतात. अर्जात लिहा की हलवायचं असेल तर टोळकं फोडा, एकेकाला वेगवेगळ्या तुकडीत. मूल स्वतः म्हणालं 'मला ब मध्ये जायचंय, तिथे माझा मित्र आहे', तर गोष्ट निराळी, तेव्हा जरूर.

राहिलेलं एक. पहिल्या आढाव्यानंतर सगळं शांत दिसतं आणि पालक नोंदवही बंद करतात. घटक चाचणी, मग गणपतीची सुट्टी, या दिवसांत त्रास तसाही थंडावतो. सुट्टीनंतर तो परत येतो, तोवर जिन्यावरची देखरेख शाळा विसरलेली असते. म्हणून दुसऱ्या आढाव्याची तारीख गणपतीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली घ्या, आणि पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

तळमजला
घेतली लिहून. नोंदवहीच्या पहिल्या पानावर.